कपाटातल्या नाकाच्या वाटीची तक्रार

मी नाकाची वाटी बोलतेय. बोलतेय म्हणजे भांडतेय, हे आधीच सांगून टाकते. गोड बोलण्यात माझी उमेदीची वर्षं कपाटात गेली.

वाटी म्हणजे आमटीची नव्हे. करड्या, मऊ रबराची, नाकावर नेमकी बसेल अशी मी आहे. माझ्या दोन्ही बाजूंनी नळ्या निघतात, त्या एका यंत्राला जातात, आणि यंत्राला दोन सिलिंडर. एकात ऑक्सिजन, दुसऱ्यात नायट्रस ऑक्साइड. लोक त्याला हसवणारा गॅस म्हणतात. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर ज्याची छाती धडधडते आणि तळवे गार पडतात, त्याच्या नाकावर मला ठेवायचं. त्याने नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. थोड्या वेळात त्याची भीती सैल पडते. झोप लागत नाही, शुद्ध जात नाही. डॉक्टरने तोंड उघडा म्हटलं की तो उघडतो. फक्त आत जो कुणी उठून पळायला बघत असतो, तो गप खाली बसतो. काम झालं की नुसता ऑक्सिजन द्यायचा. मग माणूस पहिल्यासारखा होतो आणि आपल्या पायांनी घरी जातो.

एवढंच माझं काम. यात कुणाचं काही बिघडायला नको होतं.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून निघालेल्या आम्ही पुष्कळ बहिणी. बहुतेक जणी मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत गेल्या आणि रोज कामाला लागल्या असतील. मला मिळालं भोर. सई नावाची मुलगी पुण्यात दातांची डॉक्टर झाली, माझं काम रीतसर शिकली, आणि वडिलांच्या दवाखान्यासाठी तिने मला निवडलं. यंत्र टेम्पोतून आलं. मला मात्र तिने स्वारगेटच्या एसटीत मांडीवर घेतलं. कात्रजच्या वळणांवर तिने मला दोन्ही हातांनी धरलं होतं.

कंडक्टरने विचारलं, "काय ताई, केक आहे का?"

"नाही हो. आमच्या भोरच्या लोकांची भीती घालवायचं सामान आहे."

"मग आधी आमच्या डेपो मॅनेजरला द्या," कंडक्टर म्हणाला, आणि अख्खी एसटी हसली. मला वाटलं, लोक बरे आहेत.

लोक बरेच आहेत. अडचण मोठ्या माणसांची आहे.

सईचे वडील म्हणजे मधू डॉक्टर. एसटी स्टँडच्या मागे त्यांचा दवाखाना. भोरमध्ये आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर त्यांच्या हातून दात काढून न घेतलेलं घर सापडणं कठीण. हात हलका आहे, ते मी नाकारणार नाही. जीभ मात्र जड. "आपल्याकडचा माणूस कणखर असतो. त्याला असले चोचले लागत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःची साखर तपासायला बोट टोचायचं असलं की हेच गृहस्थ तोंड फिरवून कुंदाबाईंचा हात धरतात. कुंदाबाई म्हणजे त्यांची बायको, सईची आई. बाहेरच्या टेबलावर बसून त्या नावं लिहून घेतात.

आणि नाव लिहून झालं की एक प्रश्न विचारतात. हा प्रश्न मी आल्या दिवशी ऐकला आणि माझ्या रबराला काटा आला.

"धरायला माणसं आणलीत का?"

दाढ काढायची म्हणजे धरायला माणसं आणायची, ही इथली रीत. दोघं हात धरणार, एक जण डोकं, जमलं तर एक जण पाय. कुणाचा मामा, कुणाचा दीर. ही माणसं चहा पिऊन, मशेरी लावून, चांगली तयारीने येतात. मधू डॉक्टर बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, खोटं कशाला सांगू. पण दाढेखाली पू झाला असेल तर ते इंजेक्शन नीट लागत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तर सुई दिसली तरी कळ येते. तेव्हा धरणारी माणसं कामाला लागतात. त्याला हे लोक मदत म्हणतात.

माझा पहिला पेशंट होता वरव्याचा हनुमंतबुवा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का अशीच त्याची ओळख. गावात सगळे त्याला माऊली म्हणायचे. माणूस खुर्चीला बघूनच घामाघूम झाला होता. सई खूष झाली. मला धुऊन, पुसून, वाफेतून काढून तिने तयार ठेवलं, आणि प्रश्न विचारायला लागली. सर्दी आहे का, कुठलं औषध चालू आहे का, सकाळपासून काय खाल्लं. पुढचा प्रश्न दारूचा होता. तो तिच्या ओठावर आला आणि मधू डॉक्टरांनी तिला कोपराने ढोसलं.

"माळकरी माणूस आहेत ते," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माळ घातलेल्याला असलं विचारतात का? अपमान वाटेल त्यांना."

सई नवीन होती. वडिलांचं ऐकलं.

मी बुवाच्या नाकावर बसले, आणि त्याच्या पहिल्याच श्वासात मला सगळं कळलं. पण मला तोंड नाही. बुवाने धीर यावा म्हणून वाटेत एक क्वार्टर रिचवली होती. थोड्याच वेळात त्याने सगळं बाहेर काढलं, ते मधू डॉक्टरांच्या बुटांवर. सईने मला झटक्यात बाजूला केलं, बुवाला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला. सगळं नीट, वेळेत. आणि कुशीवर वळवताना बुवाच्या खिशातून तुळशीची माळ टपकन फरशीवर पडली. पिण्याआधी काढून ठेवली होती बिचाऱ्याने, परत घालायची राहिली. खुर्चीत बसताना गळा मोकळा आहे हे कुणी बघितलंच नव्हतं. ज्याला आपण माळकरी म्हणतो त्याच्या गळ्यात माळ असणारच, असं सगळे धरून चालले होते.

माळ सगळ्यांनी बघितली. बोललं कुणीच नाही. धरायला आलेल्या मेव्हण्याने ती उचलून हळूच त्याच्या गळ्यात घातली.

आणि आठवड्याच्या आत भोरच्या बाजारात बातमी काय? "मधू डॉक्टरच्या पोरीनं बुवाला गॅसवर घातला. मरता मरता वाचला." दारूचं नाव नाही. माळेची अब्रू राहिली, माझी गेली.

सई म्हणाली, "बाबा, खरं सांगा ना लोकांना."

"अगं, त्यांना गावात तोंड दाखवायचंय."

"आणि मला?"

यावर मधू डॉक्टर वर्तमानपत्र वाचायला लागले. मोठ्या माणसांकडे उत्तर नसलं की वर्तमानपत्र असतं.

यंत्र कोपऱ्यात सरकलं. त्यावर कुंदाबाईंनी क्रोशाचं कव्हर घातलं आणि वर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. मला स्टीलच्या कपाटात टाकलं, खालच्या फळीवर, जुन्या दातांच्या साच्यांबरोबर. दवाखाना असून माझ्या अंगावर धूळ साचली. कपाट खुर्चीपासून दोन हातांवर. दिसायचं काही नाही, ऐकू सगळं यायचं.

ऐकून ऐकून माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि माझा खरा राग तिथून सुरू होतो.

भीती घालवायचं औषध या भागात आधीपासून होतंच. पुरुषांना. दाढ काढायला येणारा बाप्या थोडी घेऊनच यायचा. कुणी काही म्हणायचं नाही. "घेऊ द्या हो, कळ सोसायची म्हणजे लागतंच." आणि बाईला? बाईला पदराचा बोळा दातात धरायला सांगायचे, तोही दुसऱ्या बाजूच्या दातात. ती रडली तर "बाळंतपण काढलंस की गं, दाताला काय रडतेस?" म्हणजे एकदा मोठी कळ सोसली की पुढच्या सगळ्या कळा तिच्या नावावर कायमच्या लिहिल्या.

कपाटात असताना एकदा एक म्हातारी आली होती. दिवाळीच्या तोंडावर. तिचे उरलेले चार दात काढायचे होते. ती ओरडली नाही. एक शब्द नाही. मला फक्त टाचांचा आवाज ऐकू येत होता, खुर्चीच्या पायथ्यावर आपटणाऱ्या अनवाणी टाचांचा. ठक, ठक, ठक. शेवटचा दात निघाला तेव्हा तो आवाज थांबला आणि मधू डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "याला म्हणतात जुनं हाड!" मी फळीवर पडून होते. दोन हातांवर. माझ्यासाठी तेवढं अंतर खूप झालं.

मग सुलक्षणा आली.

सुलक्षणा पालीची. राजगडाच्या पायथ्याची. सकाळी ताकाची कळशी आणि लिंबं घेऊन गड चढायची, ट्रेकिंगवाल्यांना ताक-सरबत विकायची, उतरताना तीच कळशी डोक्यावर. पावसाळ्यात निसरड्या पायऱ्यांवरून पुण्याची पोरं बसून बसून उतरतात, ही त्यांच्या बाजूने उभी चालत जाते. अशा बाईला सगळे भित्री म्हणायचे. का, तर ती दातांच्या डॉक्टरला भ्यायची.

लहानपणी तिची दाढ कुठेतरी काढली होती, चौघांनी धरून. एकाचा गुडघा तिच्या छातीवर होता. ते तिने सईला पुढे सांगितलं. "दात दुकलेला न्हाई आठवत, ताई. गुडगा आठवतो."

तेव्हापासून तिने दाढ दुखली की लवंग धरली, मशेरी दाबली, मेडिकलमधून गोळ्या आणून गिळल्या, आणि दाढ आतून किडत गेली. पहिल्यांदा नवरा गोरख तिला घेऊन आला तेव्हा गाल लिंबाएवढा सुजला होता. मधू डॉक्टर होते. बाहेरून तोच प्रश्न आला, "धरायला माणसं आणलीत का?" गोरखने सोबत दोन भाऊ आणले होते. मी कपाटात. मला ऐकू आलं ते असं: खुर्चीचा करकर आवाज, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं", झटापट, ट्रे पडल्याचा खणखणाट, आणि मग पळणारी पावलं. सुलक्षणा खुर्चीतून उठून थेट एसटी स्टँडवर गेली होती. मधू डॉक्टरांचा अंगठा चावला होता तिने. चांगला.

डॉक्टर अंगठ्याला पट्टी बांधत म्हणाले, "अशिक्षित बायका." ती बारावी पास आहे.

काही दिवसांनी ती परत आली, या वेळी गोरखबरोबर सासूही होती. आता सूज जबड्याखाली उतरत होती. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. अंगात ताप. ताक विकणं बंद, जेवण बंद, नुसती पेज. सईने गळ्याला हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला, हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

"हे आणखी खाली गेलं तर श्वासाला त्रास होईल. मग पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. आज दाढ काढून पू मोकळा करायलाच हवा."

"मग काडा की," सासू म्हणाली. "म्या हाय धराया. गोरख हाय."

आवाज ऐकला आणि मी फळीवर ताठ झाले. हा आवाज मी दिवाळीच्या तोंडावर ऐकला होता, आत येताना आणि बाहेर जाताना. मधे फक्त टाचा ऐकल्या होत्या. धोंडाबाई नाव तिचं.

"धरायचं नाही कुणी," सई म्हणाली.

कपाटाचं दार उघडलं. उजेड आला. सईने मला साच्यांच्या ढिगाऱ्यातून ओढून काढलं. कुंदाबाईंची कुंडी खाली ठेवल्याचा आवाज, क्रोशाचं कव्हर फेकल्याचा आवाज. गळकं काही नाही ना, हे तिने यंत्र चालवून बघितलं. मला धुतलं, वाफेत घातलं. वाफेतून निघाले तेव्हा बाहेर भांडण रंगात आलं होतं.

सई सुलक्षणाच्या समोर स्टूल घेऊन बसली आणि तिच्याशी बोलली. सासूशी नाही, नवऱ्याशी नाही.

"हे बघ. बधिर करायचं इंजेक्शन तर देणारच आहे, ते लागतंच. प्रश्न तुझ्या भीतीचा आहे. त्याला काही वाटा आहेत. एक गोळी असते, ती आधी घ्यायची, पण मग दिवसभर गुंगी राहते आणि ती उतरायला वेळ लागतो. शिरेतून औषध देता येतं, त्याला भूलतज्ज्ञ लागतो, ते इथे नाही होत, पुण्याला जावं लागेल. पूर्ण भूलही तिकडेच. आणि हा गॅस आहे, नाकातून. तू जागी राहशील. मी सांगेन ते तुला कळेल. नको वाटलं की हात वर कर, मी थांबेन. बोल."

सुलक्षणा मला बघत होती. बोलायच्या आत धोंडाबाईच बोलली.

"गॅस न्हाई. वरव्याच्या बुवाचं काय झालं, ठावं हाय आमाला."

"बुवा दारू पिऊन आला होता, आजी."

"सई!" मधू डॉक्टर ओरडले.

"ओरडू नका, बाबा. खिशातली माळ तुम्हीही बघितलीत."

गोरखने दुसरीकडे बघितलं. धोंडाबाईने मात्र मान हलवली, जणू हे तिला कधीपासून माहीत होतं. तिची अडचण दुसरीच होती, आणि ती तिने बोलून दाखवली.

"ते आसंल. पर ह्यो हसायचा गॅस हाय ना? भाईर बापये बसल्यात. आमच्या घरची बाई दवाखान्यात खिदळाया लागली, तर काय म्हंतील? आन गॅसच्या भरात घरातलं कायबाय बडबाडली म्हंजी?"

ऐकलंत? बाई ओरडली तर चालतं. तिची किंकाळी स्टँडपर्यंत गेली तरी घराची अब्रू जागच्या जागी. ती हसली की अब्रू गेली. मी रबराची आहे, मला नसा नाहीत, तरी त्या क्षणी मला कुणाच्या तरी नाकाचा चावा घ्यावासा वाटला.

मधू डॉक्टर सावरून म्हणाले, "सई, घरच्यांचं मत घ्यावं लागतं. आपण गावात राहतो."

"दाढ कुणाची आहे, बाबा?"

"तसं नसतं गं..."

"दाढ कुणाची आहे?"

गोरख मधेच म्हणाला, "आये, जाऊ दे ना. तिला ताप हाय."

"तू गप. बायकूचा पुळका."

आणि मग सुलक्षणाने हात पुढे केला. तिला तोंड फारसं उघडता येत नव्हतं, म्हणून भांडता येत नव्हतं. कळशी पेलणाऱ्या हाताने तिने मला सईच्या हातातून घेतलं. उलटी धरली होती, सईने हसून सरळ केली. मग तिने स्वतःच मला नाकावर बसवलं आणि दातांच्या फटीतून म्हणाली, "करा."

मला आजवर कुणी असं स्वतःच्या हाताने उचललं नव्हतं.

सईने सगळे प्रश्न विचारले. या वेळी एकही गाळला नाही. सर्दी? न्हाई. दिवस गेलेत का? न्हाई. काय खाल्लंस? सकाळी पेज. दारू? सुलक्षणाने डोळे मोठे केले. "विचारावं लागतं, सगळ्यांना," सई म्हणाली, आणि वडिलांकडे बघितलं. बोटाला चिमटा लावला, त्यावर नाडीचे आकडे धावत होते. ससा पळावा तशी नाडी.

धोंडाबाई बाहेर जायला तयार नव्हती. सईने तिला पायाशी खुर्ची दिली. "बसा. पण धरायचं नाही."

आधी नुसता ऑक्सिजन. मग थोडा थोडा गॅस. सुलक्षणाचा श्वास मला सांगत होता सगळं. आधी तो वरवर होता, छातीच्या टोकावर. त्याला तापाचा, लवंगेचा आणि पुवाचा वास होता. तोंडाने श्वास घेतला तर मी काही करू शकत नाही, म्हणून सई सारखी सांगत होती, नाकाने घे, नाकाने. हळूहळू तो खाली उतरला, पोटापर्यंत गेला. तिच्या खांद्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

"बोटांना मुंग्या येतायत?"

"व्हय." थोडं थांबून, "ताई, म्या तरंगत्ये."

"भीती?"

"हाय. पर ती तिकडं बसल्ये." तिने डोळ्यांनी कोपऱ्यातली कुंडी दाखवली.

मग तिने वर बघितलं. मधू डॉक्टर कुतूहलाने वाकून बघत होते. सुलक्षणा बघतच राहिली आणि तिच्या सुजलेल्या गालात काहीतरी हललं.

"डाक्टर," ती म्हणाली, "हितनं तुमच्या नाकातलं केस दिसत्यात. पार गडाच्या सुवेळा माचीवानी रान माजलंय."

आणि ती हसली. अर्ध्या तोंडाने, सूज सांभाळत, पण खळाळून. सई हसली. कुंदाबाई टेबलावरून हसल्या, तो आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. गोरख हसला आणि आईकडे बघून गप झाला. बाहेरच्या बाकावरचे बाप्ये कान टवकारून बसले असणार, बसू देत.

हसू ओसरलं तेव्हा सईने इंजेक्शन दिलं. सुलक्षणाचा हात एकदा वर गेला. सई थांबली. खरोखर थांबली. हात खाली आला, सई पुढे गेली. बधिर झालंय का ते नीट तपासलं, आणखी थोडं दिलं, आणि दाढ निघाली. पू निघाला. सुलक्षणाची नाडी आकड्यांत सावकाश चालत होती, गडावरून रिकामी कळशी घेऊन उतरावं तशी. घरातलं तिने काही बडबडलं नाही. माणूस जागा असतो हो. सांगायचं नसतं ते सांगत नाही.

सईने गॅस बंद केला, ऑक्सिजन चालू ठेवला. तेव्हा मला धोंडाबाई दिसली.

ती सुलक्षणाच्या पायांकडे बघत होती. टाचांकडे. त्या टाचा खुर्चीच्या पायथ्यावर नुसत्या पडल्या होत्या, हलल्याही नव्हत्या.

"झालं?" धोंडाबाईने विचारलं.

"झालं, आजी."

"येवढंच?"

"एवढंच."

म्हातारीने पदराने बोळकं पुसलं. मग ती मधू डॉक्टरांकडे वळली. आवाज अगदी खाली होता.

"डाक्टर, ही वस्तू कवाची हाय तुमच्याकडं?"

"ही? झाली की काही वर्षं."

"काई वर्सं." तिने ते शब्द बोळक्यात घोळवले. "म्हंजी गेल्या दिवाळीच्या टायमाला व्हती."

मधू डॉक्टर ट्रेमधली हत्यारं लावायला लागले.

"माजं चार दात काडलंत तवा. ह्याच खुर्चीत. तवा कुटं व्हती ही?"

"कपाटात होती," सई म्हणाली.

"कुटल्या कपाटात?"

सईने दाखवलं. दोन हातांवरचं स्टीलचं कपाट. दार अजून उघडंच होतं.

धोंडाबाई उठली, कपाटापर्यंत गेली, खालच्या फळीवर हात फिरवला. तिच्या बोटांना धूळ लागली. ती बोटं तिने मधू डॉक्टरांसमोर धरली.

"तुमी म्हनाला मला, जुनं हाड. म्या घरी जाऊन सगळ्यास्नी सांगितलं, डाक्टर मला जुनं हाड म्हनले. सुनंला टोमणं मारलं त्याच्यावरनं. आन ही हितं व्हती?"

"धोंडाबाई, तुम्ही मागितली नाहीत ना."

"म्या मागायची व्हती व्हय?" आता आवाज चढला, आणि बाहेरच्या बाकापर्यंत, स्टँडपर्यंत, कुठपर्यंत म्हणाल तिथपर्यंत गेला. "मला ठावं व्हतं का तुमच्या कपाटात काय हाय? डाक्टर तुमी का म्या?"

मधू डॉक्टरांनी वर्तमानपत्राकडे हात नेला. कुंदाबाईंनी ते आधीच उचलून घेतलं होतं.

सुलक्षणा अजून माझ्यातून ऑक्सिजन घेत होती. तिने हात लांब केला आणि सासूचा पदर ओढला. "आत्याबाई, बसा," एवढंच म्हणाली. धोंडाबाई बसली. पण त्या दिवशी ती मधू डॉक्टरांच्या पाया न पडता गेली. नेहमी पडायची.

सुलक्षणाची सूज उतरली. ती पुन्हा गड चढते. आता ताक घ्यायला थांबणाऱ्यांपैकी कुणी गाल धरलेला दिसला की त्याला माझा पत्ता देते, हे सईला आलेल्या पेशंटांकडून कळतं.

माझं म्हणाल तर मी आता खुर्चीशेजारच्या आकड्याला लटकते. प्लास्टिकची फुलं बाहेर टेबलावर गेली. कुंदाबाई आता वेगळा प्रश्न विचारतात, "भीती वाटते का?" आणि पुरुषसुद्धा, आधी इकडेतिकडे बघून, हो म्हणतात. दारूचा प्रश्न माळकऱ्यालाही विचारला जातो. सगळं सुधारलं असं मात्र समजू नका. मधू डॉक्टर अजून मला "सईचं खेळणं" म्हणतात. धरणारी माणसं अजून येतात, सवयीने, आणि बाकावर रिकामे हात घेऊन बसतात. सगळ्यांना मी लागते असंही नाही, काहींना मी चालत नाही, तेव्हा सई तसं सांगून दुसरी वाट काढते. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

माझी तक्रार त्या ठक-ठक आवाजाबद्दल आहे. तो मला अजून ऐकू येतो. माझ्याकडे उपाय होता आणि एका म्हातारीच्या टाचा खुर्चीवर आपटत राहिल्या, आणि तिला त्याचं कौतुक म्हणून नाव मिळालं. कळ सोसण्याचं कौतुक करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यांचं काही दुखत नसतं.

तेव्हा तुम्ही कुठल्याही दवाखान्यात जाल, दाताच्या किंवा आणखी कसल्या, आणि कुणी म्हणालं की मुंगी चावल्यासारखं वाटेल, तर लगेच तोंड उघडू नका. बाई असाल तर मुळीच नाही. आधी मान वळवून खोलीत नीट बघा, आणि मोठ्याने विचारा, त्या कपाटात काय आहे?